जुना उजेड

तारांगणातल्या यंत्रवाल्याला मत्सराचा जुनाट आजार होता. बरं, ज्याच्यावर जळायचं तो माणूस शेजारीपाजारी असावा, जाता-येता दिसावा, त्याच्या दारातली नवी गाडी डोळ्यांत खुपावी, तर तेही नाही. तो माणूस शहर सोडून गेला त्याला चोवीस वर्षं झाली होती. मागे राहिला होता तो फक्त त्याचा आवाज. पण आवाज असा चिवट, की दिवसातून दोनदा, दालनात काळोख झाला रे झाला की घुमटाखाली उमटायचा आणि यंत्रवाल्याच्या जखमेवर मीठ चोळून जायचा.

हे तारांगण म्हणजे एक गोल दालन. वर पांढरा घुमट, खाली मागे रेलणाऱ्या खुर्च्यांच्या रांगा आणि मधोमध लोखंडी पायांवर उभा असलेला भलामोठा गोळा. गोळ्याच्या पोटात दिवा, अंगभर बारीक भोकं आणि भिंगं. तो दिवा लागला की छतावर आकाश उगवायचं, आणि भिंतीलगतच्या टेबलाशी बसून यंत्रवाला ते आकाश फिरवायचा. एक मूठ पिळली की रात्र पुढे सरकायची, दुसरी पिळली की क्षितिजावर तांबडं फुटायचं. सुट्टीच्या दिवशीही तो येऊन मऊ कापडानं भिंगं पुसायचा, दातेरी चाकांना थेंब थेंब तेल द्यायचा आणि खुर्च्यांखाली चिकटवलेलं च्युइंगगम खरवडताना साऱ्या प्रेक्षकवर्गाचा उद्धार करायचा. त्याची थोरली बहीण, ताई, तो राहायचा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. ती म्हणायची, "याला बायको कशाला हवी होती? तो गोळा काय वाईट होता?"

खेळाचं निवेदन मात्र यंत्रवाल्याचं नव्हतं. ते पंचवीस वर्षांपूर्वी एका तरुण निवेदकानं ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं होतं. त्या निवेदकाला तेव्हा सगळे 'आवाज' म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. त्यानं पंखा बिघडल्याची सूचना वाचली असती तरी लोक डोळे मिटून ऐकत बसले असते. 'तुम्ही आत्ता जो तारा पाहताय, तो आत्ताचा नाही,' असं तो काळोखात म्हणायचा आणि शाळेची दंगेखोर पोरंसुद्धा गप्प व्हायची. 'उजेडासारखं धावणारं जगात दुसरं काही नाही. तरीही चंद्रावरून इथं यायला त्याला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, सूर्यावरून आठ मिनिटं, आणि ताऱ्यांवरून वर्षानुवर्षं. म्हणजे आकाशात आपल्याला एकाच वेळी वेगवेगळी वर्षं दिसतात. शेजारी-शेजारी दिसणाऱ्या दोन ताऱ्यांतला एक आठ-दहा वर्षांपूर्वीचा, तर दुसरा तुमच्या पणजोबांच्या वेळचा.' मग थोडं थांबून, पुढे: 'पण उजेड जुना आहे म्हणून तारा मेला असं समजू नका. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळजवळ सगळे तारे आजही आपापल्या जागी आहेत. ताऱ्याच्या आयुष्यात हजार वर्षं म्हणजे आपली एक दुपारची डुलकी.'

लोक 'आहा' म्हणायचे. यंत्रवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण साधं होतं आणि ते तारांगणातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. यंत्रवाल्याची बायको तेव्हा तारांगणात तिकिटाच्या खिडकीत बसायची. सगळे तिला 'खिडकी' म्हणत. दुपारचा खेळ संपला, की खिडकी आणि आवाज रिकाम्या दालनात शेवटच्या रांगेत बसून काहीतरी बोलत असायचे. कधी तो वाचायचा, ती ऐकायची. कधी ती हातवारे करून काही सांगायची आणि तो मान डोलवायचा. यंत्रवाला टेबलाशी बसून, पुसलेलीच भिंगं पुन्हा पुसत, हे सगळं बघायचा. त्या भिंगांना इतकी निगा पुढे कधी लाभली नाही. मग आवाजाला मोठ्या शहरातल्या रेडिओवर नोकरी लागली आणि तो गेला. खिडकीला घेऊन गेला नाही. का नेलं नाही, ती गेली नाही की त्यानं विचारलं नाही, हे यंत्रवाल्याला कधी कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही. तो नुसता वाट बघत राहिला. वर्षं गेली. आधी 'अहो यंत्रवाले' होतं, मग 'अरे यंत्रवाल्या' झालं, आणि एक दिवस दोघांचं लग्न झालं. त्यालाही आता सतरा वर्षं होऊन गेली होती.

ती आता एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधायच्या. नवऱ्याच्या चुका ती काढत नसे. म्हणायची, त्या कामाला सुट्टी नाही मिळायची. संसार चांगला चालला होता. पण यंत्रवाल्याच्या मनात एक प्रश्न ठाण मांडून बसला होता: हिनं आपल्याला निवडलं, की आपण उरलो म्हणून पदरात पाडून घेतलं? दिवसातून दोनदा तो आवाज कानावर पडत असताना असा प्रश्न सुटायचा कसा?

त्यानं त्यावर एक औषध शोधून काढलं होतं. जेवणाच्या टेबलाशी तो आवाजाची नक्कल करायचा. पाण्याचा पेला हातात धरून, मान वाकडी करून, घशात मध घोळवत म्हणायचा, "हे पाणी आत्ताचं नाही. हे नळातून निघालं तेव्हा तुमच्यातले काही जन्मलेही नव्हते." सुट्टीच्या दुपारी आडवा होताना म्हणायचा, "चला, हजार वर्षं पडतो जरा." नक्कल खरोखर छान व्हायची. बायको हसायची. बहीण तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची आणि मग जाता जाता म्हणायची, "किती रे आठवण काढतोस त्याची! तिनं विसरायचं म्हटलं तरी तू विसरू देशील का?" यंत्रवाला हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

खेळात अर्ध्या मिनिटाची एक जागा मात्र यंत्रवाल्याची स्वतःची होती. तिथं आवाज थांबायचा आणि हा बोलायचा. प्रेक्षकांत कुणाचा वाढदिवस असला, तर त्याला त्याच्या वयाचा तारा दाखवायची तारांगणात जुनी पद्धत होती. ज्याचा उजेड त्या माणसाच्या जन्माच्या सुमारास निघाला आणि आज इथं पोचतोय, तो त्याचा तारा. आठ-नऊ वर्षांच्या पोराला व्याध. पासष्टीच्या गृहस्थाला रोहिणी. एकदा ऐंशीला टेकलेल्या एका आजींना त्यानं मघा दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी निघाले तेव्हा हाही निघाला! पोचलो बाई दोघं." छतावर उजेडाचा बाण टाकणारी बॅटरी ताऱ्यावर धरून 'हा तुमचा' म्हणताना यंत्रवाल्याचा ऊर भरून यायचा. लग्नाच्या वाढदिवसाला येणाऱ्या जोडप्यांनाही तो हिशेब लावून तारा द्यायचा. स्वतःच्या लग्नाचा तारा त्यानं कधीच हेरून ठेवला होता. श्रवण, साधारण सतरा वर्षांच्या अंतरावरचा. यंदा तो बायकोला दाखवायचा होता.

आणि नेमकं यंदाच नवं यंत्र आलं. गोळा काढून त्या जागी संगणकावर चालणारं नवं यंत्र बसणार होतं. संचालकबाईंनी यंत्रवाल्याला बोलावून सांगितलं, की जुन्या यंत्राचा शेवटचा खेळ थाटात करायचा. सगळ्या जुन्या माणसांना बोलवायचं. शेवटी वर्षाचा तारा असेल, म्हणजे मागेल त्या वर्षी निघालेल्या उजेडाचा तारा, आणि तो मागायचा मान यंत्रवाल्याच्या बायकोचा. ती इथलीच ना! यंत्रवाला खूश झाला. श्रवण जमून येत होता.

"आणि प्रमुख पाहुणे म्हणून," बाई पुढे म्हणाल्या, "तुमचा आवाज येतोय. कळवलं त्यानं."

"माझा कशाला?" यंत्रवाला म्हणाला. बाईंना वाटलं, विनयानं म्हणतोय.

घरी येऊन त्यानं बातमी सांगितली आणि बायकोच्या चेहऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघितलं. ती म्हणाली, "हो का?" आणि कांदा चिरत राहिली. डोळ्यांत पाणी होतं. आता कांदा चिरताना डोळ्यांत पाणी नाही येणार तर काय येणार? पण कावीळ झालेल्याला सगळंच पिवळं. त्या आठवड्यात तिनं केस धुतले, ते त्यानं मनात धरलं. आठवड्यातून तीनदा ती केस धुतेच, पण धरलं. इस्त्रीला दिलेली निळी साडी ती स्वतः आणायला गेली, तेही धरलं. एकदा गॅसपाशी उभी राहून ती काहीतरी पुटपुटत होती. हा मागून गेला तर गप्प झाली. त्या संध्याकाळी त्यानं नक्कल केली नाही. ताईनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" तर म्हणाला, "घसा धरलाय."

शेवटच्या खेळाला दालन गच्च भरलं. आवाज आला, आणि त्याला बघून यंत्रवाल्याला जे सुख झालं ते लिहून ठेवण्याजोगं होतं. डोक्यावर केस नाही. पोट सदऱ्याच्या बटणांशी भांडतंय. जिना चढून धाप लागलेली. लोक त्याच्या मागे कुणी तरुण येतोय का, असं बघत होते. त्यांच्या मनातला आवाज पंचविशीचाच राहिला होता. यंत्रवाला टेबलाशी बसून मनातल्या मनात हात चोळत होता. मग संचालकबाईंनी माईक दिला, त्या टकल्या माणसानं तोंड उघडलं, आणि तोच आवाज बाहेर पडला. तसाच. एक सुरकुती नाही त्याच्यावर. यंत्रवाल्याच्या सुखाचं आयुष्य इतकंच होतं.

"या खेळाबद्दल लोक अजून मला ओळखतात," आवाज म्हणाला. "कुठंही गेलो तरी कुणीतरी डुलकीचं वाक्य म्हणून दाखवतं. आज इथं आलोय तर एक राहिलेलं काम करून टाकतो. ती वाक्यं माझी नाहीत. मला फक्त वाचता येत होतं. वर्षभर रोज दुपारी शेवटच्या रांगेत बसून ती वाक्यं सांगितली ती खिडकीनं. शब्दन् शब्द तिचा. मी तेव्हाच नाव घ्यायला हवं होतं. तिनं नको म्हटलं, आणि मीही फार आग्रह केला नाही. नाव मिळत असलं की माणूस फार आग्रह करत नाही."

लोक हसले आणि मग वळून तिच्याकडे बघत टाळ्या वाजवायला लागले. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी ताई. ताईनं तोंडावर हात ठेवला होता. यंत्रवाल्याला मात्र स्वतःच्या नकला आठवल्या. हे पाणी आत्ताचं नाही. चला, हजार वर्षं पडतो जरा. सतरा वर्षं हा माणूस पेला हातात धरून कुणाची टिंगल करत होता, ते त्याला आता कळत होतं. आणि ती हसत होती! दर वेळी हसत होती.

दुसरा एखादा असता तर शरमेनं विरघळला असता. यंत्रवालाही शरमला, पण क्षणभरच. लगेच मत्सरानं डोकं वर काढलं. म्हणजे ती दोघं नुसती बोलत बसत नव्हती. ती त्याच्या तोंडात शब्द घालत होती. रोज. वर्षभर. आपल्याशी ती काय बोलते? दूध आणलं का, पंख्याचा आवाज येतोय, ताईंना औषध दिलं का. आणि तो मेला चांगलाही निघाला! खोटारडा निघाला असता, सगळं श्रेय लाटून बसला असता, तर त्याचा निवांत द्वेष तरी करता आला असता. त्यात संचालकबाईंनी आगीत तेल ओतलं. नव्या यंत्राचा पहिला खेळही याच आवाजात होणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

दिवे मालवले. खेळ झाला. यंत्रवाल्यानं आकाश फिरवलं, ग्रह आणले, नेले. हात सवयीनं चालत होते. पण आज प्रत्येक वाक्य त्याला आवाजाच्या गळ्यातून ऐकू येत होतं आणि बायकोच्या तोंडून निघाल्यासारखं वाटत होतं, आणि त्या दोघांत तिसऱ्याला बसायला जागा नव्हती. निवेदन थांबलं. त्याच्या अर्ध्या मिनिटाची वेळ झाली.

"आता वर्षाचा तारा," काळोखात संचालकबाई म्हणाल्या. "आज मागणार आपल्या खिडकी. बोला, कुठलं वर्ष?"

यंत्रवाल्यानं बाण आधीच श्रवणाच्या अंगाला लावून ठेवला होता.

"वर्ष नको," ती म्हणाली. "ताराच सांगते. अभिजित."

श्रवण आणि अभिजित आकाशात फार लांब नाहीत. हात पसरून बोटं ताणली की जेमतेम दीड वीत. पण श्रवणाचा उजेड सतरा वर्षांपूर्वीचा आणि अभिजितचा पंचवीस. लोकांना हा हिशेब माहीत नव्हता; त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना माहीत होता अशी दालनात तीनच माणसं. पंचवीस वर्षांपूर्वी लग्न नव्हतं, संसार नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी शेवटची रांग होती.

बाण उचलायचा सोडून यंत्रवाल्यानं दुसरीच मूठ धरली आणि एका झटक्यात शेवटपर्यंत पिळली. ही पहाटेची मूठ. ती तीन-चार मिनिटं हळूहळू फिरवायची असते, म्हणजे आधी फटफटतं, मग तांबूस होतं, मग एकेक तारा मावळतो. त्यानं घुमटाखाली एका श्वासात दिवस उगवला. अख्ख्या आकाशाचं पीठ झालं. लोकांनी डोळ्यांवर हात धरले, एक लहान मूल भोकाड पसरून रडलं. आणि त्या भगभगीत उजेडात यंत्रवाल्याला जे बघायचं होतं ते दिसलं. त्याची बायको वर बघत नव्हती. ती पहिल्या रांगेतल्या टकलाकडे बघत होती, आणि रडत होती. या वेळी कांदा नव्हता.

यंत्र जुनं झालं, शेवटच्या दिवशी रुसलं, असं म्हणून संचालकबाईंनी वेळ मारून नेली. लोक उठले. बाहेरच्या दालनात चहा होता, तिथं आवाजाभोवती गर्दी जमली. ताई जाता जाता भावापाशी थांबली, काही बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या आयुष्यात बहुधा प्रथमच न बोलता निघून गेली. यंत्रवाला गोळ्याच्या पायाशी बसून भिंगांवर कापडी टोप्या चढवायला लागला. उद्या गोळा खोलायला माणसं येणार होती. दालन रिकामं झालं तरी बायको तिसऱ्या रांगेतच बसून होती.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकलास," ती म्हणाली.

"चुकलो नाही. मला बघायचं होतं."

"काय?"

"तू कुठं बघतेस ते. त्याच्याकडे बघत होतीस. रडत होतीस."

"हो," ती म्हणाली.

संशयी माणसाला 'नाही'ची सवय असते. 'नाही'शी भांडता येतं. 'हो'चं काय करायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. यंत्रवाल्यानं एक टोपी उलटी चढवली, काढली, पुन्हा चढवली.

"सांगितलं का नाहीस कधी?" तो शेवटी म्हणाला. "मी मूर्खासारखा रोज नकला करतोय, आणि तू हसतेस!"

"पहिल्यांदा केलीस तेव्हा लग्नाला आठवडा झाला होता. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा केलीस, आणि इतकी छान केलीस, की सांगितलं असतं तर तोंड एवढंसं झालं असतं तुझं. मग राहिलं ते राहिलंच. आणि खोटं कशाला बोलू, डुलकीचं वाक्य जरा जास्तच गोड झालंय. मलाही पुढे हसू यायला लागलं त्याचं."

"अभिजित का मागितलास? मी श्रवण लावून बसलो होतो."

"माहीत आहे. श्रवण आपल्या दोघांचा. पण मला विचारलं होतं ना, माझं वर्ष कुठलं म्हणून? त्या वर्षी मी काहीतरी केलं होतं रे. त्याआधी खिडकीत बसून तिकिटं फाडत होते, त्यानंतर छापखान्यात दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करतेय. मधे ते एकच वर्ष आहे माझं."

"आणि त्या वर्षात तो आहे."

"आहे. तुला जे विचारायचंय ते विचार ना सरळ. होतं माझं प्रेम त्याच्यावर."

बाहेरून आवाजाचं हसणं ऐकू आलं. हसणंही मेल्याचं गोड होतं.

"पण ते तेव्हाचं आहे," ती जरा मऊपणानं म्हणाली. "पंचवीस वर्षांपूर्वी निघालेला उजेड तुला आज दिसतोय, आणि तू आजचा समजून जळतोयस."

दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याचं एवढ्यानं समाधान झालं असतं. जुनी गोष्ट, संपली, म्हणून त्यानं डोळे पुसले असते. पण हा यंत्रवाला होता. दिवसातून दोनदा, पंचवीस वर्षं, त्यानं पुढचं वाक्यही ऐकलेलं होतं.

"मला नको शिकवूस," तो म्हणाला. "उजेड जुना म्हणजे तारा मेला असं नाही. तारा आपल्या जागी असतो. तूच लिहिलंयस ते."

आपण आपल्याच वाक्यात अशा सापडू, असं लिहिताना तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

"मग सांग," यंत्रवाला म्हणाला. "आहे अजून?"

तिनं रुमाल काढून मांडीवर पसरला. मग म्हणाली, "आहे. मी सुचवलेलं कुणीतरी मोठ्यानं म्हणून दाखवलं होतं, पहिल्यांदा. ते कान कसे विसरतील? आज तो बोलायला लागला तेव्हा आत हललं काहीतरी. पण ताऱ्याच्या उजेडात सुईत दोरा ओवता येत नाही रे. नुसतं वर बघत बसता येतं."

"आणि मी? मी उरलो होतो म्हणून?"

"सुरुवातीला तसंच होतं," ती म्हणाली.

सतरा वर्षं ज्या उत्तराला तो भीत होता ते असं साध्या सुरात, हातातला रुमाल घडी करता करता, त्याला मिळालं. त्याला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण कोसळू. तो कोसळला नाही. गोळ्याचा पाय मात्र त्यानं घट्ट धरून ठेवला.

"तो गेला नसता तर मी तुझ्याकडे वळून बघितलं नसतं. आता हे लपवून काय करू? पण पुढे कधीतरी बदललं ते. कधी, मलाही नेमकं सांगता यायचं नाही. एकदा संध्याकाळी तुला यायला उशीर झाला. मी गॅस बंद करून खाली जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिले आणि तुझ्या पायांचा आवाज ओळखू आला तेव्हा माझं मलाच कळलं, की अरे, हे बदललंय. तेव्हापासून ते निघालंय माझ्याकडून. तुझ्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही. एका घरात राहतोस, एका ताटलीतलं उरलंसुरलं संपवतोस, आणि तुला एवढा उशीर?"

यंत्रवाल्यानं आणखी एका भिंगावर टोपी चढवली. बोलला असता तर रडला असता, आणि आज त्या घुमटाखाली एकानं रडणं पुरे होतं.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "तेही आत्ताच ऐकून घे. नव्या खेळाचं लिहायला बाईंनी मला विचारलंय; खरं काय ते त्यानं त्यांना आधीच कळवलं होतं. वाचणार तो. दोन महिने येऊन राहणार आहे इथं, रोज दुपारी बसावं लागेल. मी सकाळीच हो म्हणून टाकलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास आणि दोन महिने धड जेवला नसतास. म्हणून आधी हो म्हटलं. आता विचारते. चालेल तुला?"

यंत्रवाल्यानं तिच्याकडे बघितलं. मत्सराचा जो वणवा पेटला होता तो तसाच होता; खरं ऐकलं म्हणून विझला नव्हता. तोंडावर 'चालेल' आलं होतं. शहाणे नवरे तेच म्हणतात, आणि मग दोन महिने भांडी आपटतात. पण आज तिनं एकामागून एक खरंच सांगितलं होतं, आणि त्यातलं एकही त्याच्या सोयीचं नव्हतं. तो उठला, तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला.

"नाही चालणार," तो म्हणाला. "जळून कोळसा होईन मी. पण तू लिही."